आरोग्यसेविकेची नोंद : प्रस्तावना

उपकेंद्रातल्या कपाटात नोंदवह्यांना तोटा नाही. गरोदर मातांची नोंदवही आहे, लसीकरणाची आहे, कुटुंबकल्याणाची, औषधसाठ्याची, हिवतापाच्या रक्तनमुन्यांची, संशयित क्षयरुग्णांची, आणि अलीकडे तीस वर्षांवरच्या माणसांच्या रक्तदाब-मधुमेह तपासणीचीही. यातला बराचसा मजकूर पुन्हा टॅबवर भरायचा असतो. महिनाअखेरीला बेरजा होतात, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, तिथून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्हा परिषदेत. इतके लिहूनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कपाटात सापडत नाही. सिस्टरने अमुक बाईसाठी नेमके काय केले, आणि त्याने त्या बाईला काय फरक पडला?

एक उदाहरण घेऊ. सहावा महिना लागलेली बाई, हिमोग्लोबिन ८.२. नोंदवहीत लिहिले जाते, ‘एचबी ८.२, लोहाच्या गोळ्या दिल्या, सल्ला दिला.’ यात खोटे काहीच नाही. पण सिस्टरला याहून कितीतरी जास्त माहीत असते. गोळी घेतली की मळमळते आणि शौचाला काळे होते, म्हणून बाईने आठवड्याभरातच गोळ्या सोडल्या आहेत. गोळ्यांनी पोटातले मूल मोठे होते आणि बाळंतपण अडते, अशी सासूची धास्ती आहे. पहाटे गाडीत बसून नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला जायचे, तर सकाळची भाकरी राहूनच जाते. हे सगळे हेरून सिस्टर तिला रात्री जेवणानंतर गोळी घ्यायला सांगते, चहाबरोबर घेऊ नको म्हणून बजावते, काळ्या शौचाला घाबरायचे कारण नाही हे समजावते, सासूशी ओट्यावर बसून बोलते आणि आशाताईला दर आठवड्याला रिकामी पाकिटे बघायला सांगते. पुढच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन चढू लागते. नोंदवहीत जुन्या आकड्याखाली नवा आकडा येतो. मधले काहीच येत नाही. सिस्टरची बदली झाली की तिच्या जागी आलेली मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, आणि त्या बाईलाही सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

प्रमाणित परिचर्या-शब्दावली म्हणजे हे मधले लिहिण्याची ठरलेली रीत. परिचारिकेला कोणती समस्या दिसली, तिने कोणती कृती केली आणि परिणाम काय झाला, या तीन गोष्टींसाठी आधीच व्याख्या करून ठेवलेली नावे त्यात असतात. रक्तक्षय हे डॉक्टरांचे निदान आहे. औषध नियमित घेतले जात नाही, खाण्याकडे आबाळ होते, घरातून साथ नाही, ही परिचारिकेची निदाने आहेत, आणि रक्तक्षय बरा होणे न होणे बहुतेक वेळा यांच्यावरच ठरते. अशा प्रत्येक निदानाला ठरलेले नाव मिळाले की तळेघरच्या सिस्टरने लिहिलेले आपटाळ्याच्या सिस्टरला जसेच्या तसे कळते. शेकडो नोंदी एकत्र ठेवून बघता येतात. आणि परिचारिकेचे काम सुया-गोळ्यांच्या मोजदादीतून बाहेर पडून तिच्या विचारासकट दिसू लागते.

या विषयाचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगायची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे तिने सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी असा आग्रह धरला. मात्र तिच्या तक्त्यांत होते ते आजार आणि मृत्यू. त्या वाटेने पुढे वैद्यकशास्त्र चालत गेले. १८९३ मध्ये बर्तियॉं यांची मृत्युकारणांची यादी आली, तिच्यातून आज जगभर वापरले जाणारे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वाढले. शुश्रूषेला मात्र पुढची ऐंशी वर्षे स्वतःची यादी मिळाली नाही. १९६० मध्ये व्हर्जिनिया हेंडरसन यांनी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत माणसाच्या मूलभूत गरजांभोवती परिचर्येची चौदा अंगे मांडली. त्यानंतरच्या वर्षांत परिचर्या-प्रक्रिया ही कल्पना रुजली. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईसला क्रिस्टीन गेबी आणि मेरी ॲन लॅव्हिन यांनी परिचर्या-निदानांवर पहिली परिषद बोलावली. तिथून १९८२ मध्ये ‘नांदा’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतल्या मुलींना हे नाव नवे नाही. केअर प्लॅनच्या वहीत त्यांनी ही निदाने पानोपानी लिहिलेली असतात. आयोवा विद्यापीठातून परिचर्या-कृतींचे वर्गीकरण १९९२ मध्ये आणि परिणामांचे १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आले. ही सगळी मोठी कामे आहेत. पण त्यांच्या पाठीमागे बहुतांशी रुग्णालयाचे चित्र आहे: खाट, वॉर्ड, तीन पाळ्या. मुलगी कॉलेजातून बाहेर पडून उपकेंद्रावर रुजू झाली की तिची केअर प्लॅनची वही तिथे उपयोगी पडत नाही. त्यात दोष तिचा नाही. ती वही खाटेवरच्या माणसासाठी आखलेली होती, आणि इथला माणूस शेतावर गेलेला असतो.

प्राथमिक आरोग्यसेवेच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घटना घडली ती अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात. तिथे घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेने १९७५ पासून आपल्याच रोजच्या नोंदी तपासायला घेतल्या. कॅरन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे ते काम चिकाटीने केले. त्यातून जी ओमाहा पद्धती तयार झाली तिच्यात ४२ समस्या आहेत आणि त्या चार क्षेत्रांत विभागल्या आहेत: परिसर, मनोसामाजिक, शारीरिक आणि आरोग्याशी निगडित वर्तन. ही यादी वाचताना घरभेट करणाऱ्या कोणाही सिस्टरला ओळख पटेल. परिसराच्या क्षेत्रात पहिलीच समस्या उत्पन्नाची आहे. मग स्वच्छता, राहते घर, शेजार आणि कामाच्या जागेची सुरक्षितता. मनोसामाजिक क्षेत्रात शोक आहे, हेळसांड आहे, अत्याचार आहे, मुलांचा सांभाळ आहे. वर्तनात पोषण, झोप, व्यसन, कुटुंबनियोजन आणि औषधे घेण्याची शिस्त. कृतींचे प्रकार चारच: शिकवणे व समजावणे, उपचार व प्रक्रिया, इतर सेवांशी सांगड घालणे, आणि देखरेख. परिणाम मोजायला प्रत्येक समस्येसाठी ज्ञान, वर्तन आणि स्थिती यांना १ ते ५ असे गुण.

वरच्या उदाहरणातली बाई या पद्धतीत लिहायची तर समस्या तीन: गरोदरपण, पोषण, औषधोपचार. औषधोपचाराखाली पहिल्या भेटीत ज्ञान २, वर्तन १, स्थिती ३. कृती: गोळीची वेळ आणि दुष्परिणाम समजावणे, सासूशी बोलणे, आशाताईकडे पाठपुरावा सोपवणे. पुढच्या भेटीत ज्ञान ४, वर्तन ३. चार ओळींत ती सगळी कहाणी आली, आणि नव्या सिस्टरला कुठून पुढे जायचे तेही कळले. ज्ञान वाढले पण वर्तन मागे आहे, म्हणजे आता आणखी समजावण्यात अर्थ नाही, कामावर जाण्याच्या वेळेचा प्रश्न सोडवला पाहिजे. ‘सल्ला दिला’ या दोन शब्दांतून हे कधीच कळले नसते. या पद्धतीच्या शब्दांवर कोणाचा मालकीहक्क नाही, ही आपल्यासारख्यांसाठी आणखी एक जमेची बाजू.

दुसरा प्रवाह जागतिक आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९८९ साली सोलच्या अधिवेशनात परिचर्येचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करायचे ठरवले. १९९६ मध्ये त्याचा पहिला मसुदा आला आणि २००५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती. मसुद्यावर लगेच आक्षेप आला की यात वस्ती-पातळीवरची शुश्रूषा फारच थोडी आहे. ब्राझीलच्या परिचारिका संघटनेने तो आक्षेप घेऊन थांबण्याऐवजी देशभरातल्या आपल्या सार्वजनिक आरोग्यसेविकांचे काम अभ्यासले आणि स्वतःची शब्दसूची केली. पुढे कुरिटिबा शहराच्या नगरपालिकेने ती आपल्या दवाखान्यांच्या संगणकीय नोंदींत वापरायला घेतली. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. श्रीमंत देशाची यादी भाषांतर करून आणायची की आपल्या परिचारिकांच्या बोलण्यातून यादी उभी करायची, या प्रश्नाचे ब्राझीलने दिलेले उत्तर आपल्यालाही लागू पडते.

या सगळ्यावर टीकाही झाली आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात आयोवाच्या वर्गीकरणाचा अभ्यास करून दाखवले की काम दिसू लागले की त्यावर पहाराही बसवता येतो. जी कृती नावानिशी नोंदली गेली तिला मोल येते, पण तिचा वेळही मोजला जातो. आणि जी यादीत बसली नाही ती आणखीच अदृश्य होते. आपल्याकडच्या आरोग्यसेविकेला हे समजावून सांगायची गरज नाही. उद्दिष्टांचे आकडे आणि आढावा बैठका तिने भोगलेल्या आहेत. उद्या १ ते ५ चे गुणही तिच्याच कामगिरीचे गुण म्हणून वाचले जाऊ लागले, तर ती प्रत्येकीला ४ देईल आणि सगळी पद्धत वाया जाईल. ते गुण बाईच्या प्रकृतीचे आणि परिस्थितीचे आहेत, सिस्टरचे नाहीत, हे वरिष्ठांनी लेखी मान्य केल्याशिवाय ही पद्धत कुठेही सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता या पुस्तकातली उदाहरणे जिथली आहेत ते पुणे जिल्ह्यातले तालुके, जुन्नर आणि आंबेगाव. या दोन तालुक्यांत एका दिवसाच्या प्रवासात दोन वेगळे महाराष्ट्र भेटतात. पूर्वेला कुकडी प्रकल्पाचे पाणी: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे, त्यांच्यावर उभा राहिलेला ऊस, द्राक्ष, कांदा, टोमॅटो. पश्चिमेला घाटमाथ्याचा पाऊस, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या. सरकारी निकषाने सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० आणि ३,०००. कागदावर पश्चिम पट्ट्याला झुकते माप आहे. पण तिथल्या ३,००० माणसांपर्यंत पोचायला ओढे आणि चढ पार करावे लागतात, आणि भात लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी भेटत नाही. पूर्वेकडे प्रश्न वेगळे. रक्तदाब, साखर, द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांचे श्वासाचे आणि त्वचेचे त्रास, सर्पदंश, आणि उसात दडणारा बिबट्या. अंधार पडल्यावर शौचाला बाहेर जायला बाई घाबरते आणि दिवसभर पाणी कमी पिते; मूत्रमार्गाचा त्रास घेऊन ती दवाखान्यात येते तेव्हा केसपेपरवर फक्त जंतुसंसर्ग लिहिला जातो. परिसराची सुरक्षितता ही समस्या नोंदण्याची सोय असेल, तर त्या दुखण्याचे मूळही केसपेपरवर येईल.

शिवाय इथली माणसे एका जागी राहत नाहीत. पश्चिमेची कुटुंबे मजुरीला पूर्वेकडे उतरतात. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांत गरोदर बाया असतात, लसीकरण अर्धवट राहिलेली मुले असतात. कोप्यांवर गेलेल्या सिस्टरच्या हाती फार तर माता-बाल संरक्षण कार्ड लागते. त्यावरून किती डोस झाले ते समजते. आधीच्या सिस्टरने काय पाहिले होते, कशाची काळजी वाटत होती, हे समजत नाही. एकाच शब्दांत लिहिण्याचा सर्वांत मोठा फायदा या फिरत्या माणसांना आहे.

आणि आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांचे पुनर्वसन झाले, घरे झाली. पण त्यानंतर कित्येक पावसाळ्यांत रात्री झोप न लागणारी, जोराच्या सरीला दचकणारी माणसे आसपासच्या वस्त्यांवर राहणारच. नेहमीच्या नोंदवह्यांत शोकाला रकाना नाही. रकाना नसला की ती भेट अंगदुखीची म्हणून नोंदली जाते आणि एक वेदनाशामक गोळी खर्ची पडते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात गावातल्या, बहुतांशी निरक्षर बायांनी आपल्या गावाच्या आरोग्याची खडान्‌खडा माहिती ठेवली. गडचिरोलीला ‘सर्च’ या संस्थेत डॉ. राणी बंग यांनी बायका स्वतःच्या दुखण्याबद्दल ज्या शब्दांत बोलतात ते शब्द आधी ऐकून घेतले, आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासाने ग्रामीण स्त्रियांच्या आजारांकडे जगाचे लक्ष वेधले. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण काम दीर्घकाळ चालू आहे आणि तिथे २००२ पासून लोकसंख्येच्या सलग आरोग्यनोंदी ठेवल्या जात आहेत. नीट लिहिले तर काय साधते हे आपण पाहिलेले आहे. जे झालेले नाही ते एवढेच, की सरकारी उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या रोजच्या निर्णयाला त्या नोंदीत जागा देणे.

आताच का, याला कारण आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. माता-बाल सेवेपुरते असलेले उपकेंद्राचे काम आता वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांपर्यंत पसरले आहे. अशा आजारांत एका भेटीचा आकडा पुरत नाही, भेटींमागून भेटींचा धागा लागतो. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. माणसाची नोंद त्याच्याबरोबर फिरावी हा त्याचा उद्देश. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचे वर्गीकरण ‘स्नोमेड सीटी’ या मोठ्या वैद्यकीय शब्दसंग्रहात सामावले गेले. भारत २०१४ पासून तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्यामुळे तो संग्रह आपल्याला विनामूल्य वापरता येतो, आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र आहे पुण्यात, सी-डॅकमध्ये. आंबेगाव तालुक्यातल्या मंचरहून साठेक किलोमीटर. २०२१ च्याच सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात भारतीय परिचर्या परिषदेने आरोग्य-माहितीशास्त्र हा विषय घातला. साधने तयार आहेत, शिकलेल्या मुली येत आहेत. या वेळी परिचारिकेचे शब्द संगणकात गेले नाहीत तर डॉक्टरांचे निदान, औषधांचा साठा आणि बिले एवढीच भाषा तिथे कायमची बसेल, आणि नंतर जागा मागणे फार कठीण जाईल.

हे पुस्तक त्या कामाची सुरुवात आहे. ओमाहा पद्धतीचा कणा धरून त्याने ४२ समस्या मराठीत मांडल्या आहेत आणि प्रत्येकीला या दोन तालुक्यांतल्या परिस्थितीतले उदाहरण जोडले आहे. उदाहरणांतली माणसे रचलेली आहेत. कोणाचीही खरी केस त्यांत नाही, आणि ते तसेच हवे. प्रत्येक नोंदीत दोन ओळी ठेवण्याची लेखकांची सूचना मला सर्वांत पटली. पहिल्या ओळीत बाई जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत, म्हणजे ‘हातपाय गळून जातात’, ‘अंगावरून जातं’, ‘जिवाला बरं वाटत नाही’. दुसऱ्या ओळीत ठरलेले नाव. वरची ओळ गाळली तर खालची ओळ चुकली आहे का हे तपासायला काही उरत नाही.

दोन गोष्टी इथे मिळणार नाहीत. संगणक-प्रणाली कशी बांधायची हे यात नाही, आणि रुग्णालयातल्या शुश्रूषेसाठी वाचकाला आयोवाच्या ग्रंथांकडेच जावे लागेल. अत्याचार आणि मानसिक आजार यांवरची प्रकरणे अजून भरीव व्हायला हवी होती असे मला वाटते. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे अत्याचार असे नावानिशी लिहिलेली नोंद कोणाच्या हाती पडू शकते, ती कुठे ठेवायची, आशाताईला दाखवायची की नाही, याची चर्चा पुढच्या आवृत्तीत सविस्तर यायला हवी. तोपर्यंत त्या नोंदी वेगळ्या आणि कुलुपात ठेवाव्यात.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना माझी एक विनंती. ही पद्धत आधीच्या ढिगावर आणखी एक नोंदवही म्हणून आणू नका. ज्या केंद्रात ती सुरू कराल तिथली निदान एक जुनी दुहेरी नोंद आधी बंद करा. आणि सिस्टरांना म्हणेन, ४२ समस्या पाठ करायच्या नाहीत. गरोदरपण आणि औषधोपचार या दोन घ्या, आपल्या गावातल्या पाच-सहा बायांपुरत्या, आणि तीन महिने लिहा. मासिक सभेला शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरशी वह्या बदला. तिची नोंद वाचून त्या बाईकडे उद्या जायची वेळ आली तर काय कराल, हे तुम्हाला सांगता येते का ते पाहा. येत नसेल तर कुठे अडले ते समासात लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीसाठी लेखकांना तेच हवे आहे.